स्पितीला जाताना मुक्कामांचा क्रम चुकवू नका

जून उजाडला की फोन सुरू होतात. "दादा, मनालीत पोचलो. उद्या चंद्रतालला टेंटमध्ये मुक्काम, परवा काझा. काही टिप्स?" टिप एकच असते आणि ती ऐकायची कुणाची तयारी नसते: चंद्रताल हे फार उंचावरचं तळं, उंचीची सवय नसताना उद्या तिथे झोपू नका. पण टेंटचे पैसे भरलेले असतात, गाडी ठरलेली असते. मग दोन दिवसांनी दुसरा फोन येतो. रात्रभर डोकं फुटत होतं, उलट्या झाल्या, बायको म्हणतेय परत फिरू.

मी स्वतः पहिल्या खेपेला हेच केलं. रात्री दोन वाजता स्लीपिंग बॅगमध्ये उठून बसलो होतो, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. सकाळी तळ्यापर्यंत चालायची ताकद नव्हती. ज्या तळ्यासाठी एवढा खटाटोप केला ते न बघता गाडीत पडून मनालीला परतलो.

तेव्हा हा लेख हिमाचलातलं स्पिती खोरं किती सुंदर आहे यावर नाही. कोणत्या क्रमाने जायचं, कुठल्या रात्री कुठे झोपायचं आणि आपली माणसं नेमकी कुठे चुकतात, एवढंच.

भूगोल थोडक्यात. स्पिती नदी कुंझुम खिंडीच्या बाजूने निघते, लोसर, काझा (खोऱ्यातलं मुख्य गाव), ताबो करत खाली येते आणि किन्नौरमध्ये खाबजवळ सतलजला मिळते. या खोऱ्याला दोन दारं आहेत. खालचं दार शिमला-किन्नौरचं. वरचं दार मनालीकडून कुंझुम ओलांडून, आणि ते फक्त उन्हाळ्याचे काही महिने उघडं असतं. खालच्या दाराने आत शिरायचं आणि वरच्या दाराने बाहेर पडायचं. बाकी सगळं यावरच उभं आहे.

१. आधी महिना, मग तिकीट

आपल्याकडे सहल ठरते शाळेच्या सुट्ट्यांवर, आणि पहिली चूक तिथेच होते.

मे महिन्याच्या सुट्टीत किन्नौरकडून काझापर्यंत जाता येतं, पण कुंझुमवर बहुतेक वर्षी तेव्हा बर्फ असतो. खिंड मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत केव्हातरी उघडते, तारीख दरवर्षी वेगळी. मे महिन्यात गेलात तर आल्या वाटेनेच परत शिमल्याला यायचं हे गृहीत धरूनच दिवस मोजा. "तोपर्यंत उघडेल" या भरवशावर मनालीहून परतीची बस काढू नका.

दिवाळीत उलटं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर चंद्रतालचे कॅम्प आवरलेले असतात, काझात नळ गोठायला लागतात, बरीच हॉटेलं बंद होतात आणि बर्फ पडला की कुंझुम मिटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये खुद्द स्पितीत पाऊस फारसा नसतो, कारण खोरं पर्जन्यछायेत आहे. लोक हे वाचतात आणि खूश होतात. पण तिथे पोचायचा रस्ता किन्नौरच्या कड्यांमधून जातो आणि तिथे मात्र दरडी कोसळतात. परतीला मनालीची बाजूही तशीच.

माझ्या मते उत्तम काळ दोन: जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये हवा स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी, किन्नौरमध्ये सफरचंदं लगडलेली. गणपती विसर्जन उरकून निघालात तर गर्दीही ओसरलेली असते. फक्त थंडी जास्त. सप्टेंबरच्या शेवटी चंद्रतालला रात्री पारा शून्याखाली जातो.

तपासा: निघायच्या आठवडाभर आधी कुंझुम उघडा आहे का ते बघा. लाहौल-स्पितीचे पोलिस रस्त्यांची स्थिती सोशल मीडियावर टाकत असतात. एजंट काय म्हणतो त्यापेक्षा ते खरं धरा.

२. झोपायच्या उंचीचा कागद करा

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि तो घरी, कागद-पेन घेऊन करायचा.

बहुतेक लोक दिवसभरात कुठे कुठे जाणार याची यादी करतात. शरीराला त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. दिवसा तासाभरासाठी वर गेलात आणि संध्याकाळी खाली आलात तर सहसा निभावतं. रात्रभर वर राहणं अंगावर येतं. म्हणून कागदावर फक्त रात्री लिहा: कुठे झोपणार आणि किती मीटरवर.

डोंगरातला सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी.

आता अंदाज यावा म्हणून: कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली सुमारे २,००० मीटर. चंद्रताल सुमारे ४,२५०. म्हणजे मनालीहून सकाळी निघून रात्री चंद्रतालला झोपणं हे एका दिवसात दोन हजारांहून जास्त मीटर चढणं झालं. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. पूर्वी मधे रोहतांग खिंड यायची, माणूस दमायचा, थांबायचा. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि हा प्रवास सोपा वाटायला लागला. रस्ता सोपा झाला, पण शरीराला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

माझा कागद असा असतो:

पहिली रात्र: नारकंडा, सुमारे २,७०० मीटर
दुसरी: सांगला, सुमारे २,७००
तिसरी: कल्पा, सुमारे २,९००
चौथी: ताबो, सुमारे ३,३००
पाचवी, सहावी, सातवी: काझा, सुमारे ३,७००
आठवी: चंद्रताल, सुमारे ४,२५०
नववी: मनाली, खाली
दहावी: राखीव

चंडीगडपासून मोजलेत तर दहा रात्री. मुंबई-पुण्याहून येण्याजाण्याचे दिवस वेगळे. "एवढी रजा नाही" हे उत्तर मला पाठ आहे. रजा सात दिवसांची असेल तर सांगला सोडा, चंद्रताल सोडा, आल्या वाटेने परता. दहा दिवसांचा कार्यक्रम सातात कोंबला की आधी कापल्या जातात त्या नेमक्या उंचीची सवय होण्याच्या रात्री, कारण कागदावर त्या "रिकाम्या" दिसतात.

राखीव दिवस शेवटीच ठेवा. किन्नौरमध्ये दरड आली, नाल्याला पाणी वाढलं, कुणी आजारी पडलं, तर तो आपोआप पुढे सरकून वापरला जातो. विमानाचं तिकीट राखीव दिवसाच्या नंतरचं काढा.

सावध: तयार पॅकेज घेत असाल तर "स्थळं कोणती" हे विचारू नका. "तिसऱ्या रात्री झोपणार कुठे?" असं विचारा. उत्तर काझा किंवा चंद्रताल आलं आणि सुरुवात मनालीहून असली, तर ते पॅकेज सोडून द्या.

३. गाडी ठरवताना

तीन पर्याय: भाड्याची गाडी चालकासह, स्वतःची गाडी किंवा बाईक, नाहीतर सरकारी बस.

भाड्याची गाडी घेताना तीन गोष्टी मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नकोत. एक, गाडी चंडीगडहून चंडीगडपर्यंत आहे का, की काझाला सोडून परत जाणार? दोन, काझाच्या वरची लांग्झा-हिक्किम-कोमिक ही गावं, पिन खोरं आणि चंद्रतालचा फाटा हे भाड्यात धरलंय का? काझात पोचल्यावर "वो अलग लगेगा" हे वाक्य ऐकायला येतं ते इथेच राहून गेलेलं असतं. तीन, रस्ता बंद होऊन एक दिवस वाढला तर त्याचे पैसे किती?

बारा-पंधरा जणांचा गट असेल तर टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा दोन-तीन छोट्या गाड्या बऱ्या. चंद्रतालचा फाटा अरुंद आहे. समोरून गाडी आली की कड्याच्या बाजूला कितीतरी अंतर मागे घ्यावं लागतं, आणि तेव्हा मोठ्या गाडीत बसलेल्यांची बोलती बंद होते.

स्वतःची गाडी नेत असाल तर तिची उंची बघा. खालून घासणारी सेडान काझापर्यंत निभावेल, काझाच्या पुढे, कुंझुम उतरल्यावरच्या बटल-ग्रंफूच्या दगडांत नाही. स्टेपनी हवा भरलेली आहे का ते घरीच बघा. इंधन रेकाँग पिओजवळच्या पोवारीला पूर्ण भरा, कारण पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. काझात पुन्हा टाकी भरा, कारण मग मनालीची बाजू येईपर्यंत काही नाही.

बसने जायचं तर जाता येतं. हिमाचल परिवहनची बस रेकाँग पिओहून पहाटे-सकाळी काझाला निघते, दिवसभर लागतो. आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन वेळ विचारून या.

परवान्याबद्दल: भारतीय नागरिकाला स्पितीसाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. अटल बोगद्यातून जाताना रोहतांगचा परवानाही नको. पण अमेरिकेहून आलेला भाचा बरोबर असेल आणि त्याच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर पिओ ते काझा या पट्ट्यासाठी त्याला इनर लाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायचा परवाना) लागतं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ते पिओला मिळतं, आणि कार्यालय रविवारी बंद असतं. शनिवारी संध्याकाळी कल्पाला पोचून अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

४. डॉक्टर, पिशवी, पैसे

महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. ब्लड प्रेशर, दमा, हृदयविकार, गरोदरपण यांतलं काही असेल तर जायचं की नाही हेच आधी ठरेल. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यावी का, किती आणि केव्हापासून, हे त्यांनाच विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. ही गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि सारखी लघवीला होते. घाबरू नका, पण पाणी जास्त प्या. आणि गोळी घेतली म्हणून मुक्कामांचा क्रम बिघडवायची मुभा मिळत नाही.

कपडे थरांचे घ्या: आत घाम टिपणारा बनियन, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. एकच जाड जॅकेट घेऊन जाणारे दुपारी उन्हात शिजतात आणि संध्याकाळी गारठतात. कानटोपी, हातमोजे, गॉगल, ओठांना लावायला काहीतरी. ऊन इतकं कडक असतं की थंडीतही नाक सोलवटून निघतं.

रोख रक्कम जास्त ठेवा. काझात एटीएम आहे, पण त्यात नोटा असतीलच असं नाही, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. होमस्टे, गोम्पातलं (बौद्ध मठातलं) दान, ढाब्यावरचा चहा हे सगळं रोखीवर धरा. काझा सोडलं तर बहुतेक गावांत फोन लागेल याची खात्री नाही. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन आला नाही तर समजून घ्या.

खाऊ म्हणून शेंगदाण्याचे लाडू, खजूर, भडंग, आल्याच्या वड्या. एक गंमत सांगतो. घरून नेलेलं भडंगाचं हवाबंद पाकीट काझाला पोचेपर्यंत उशीसारखं टम्म फुगतं. बाहेरच्या हवेचा दाब किती उतरलाय ते डोळ्यांनी दिसतं. तेच सनस्क्रीनच्या बाटलीचं होतं: झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, नाहीतर ती पांढरी पिचकारी शर्टावर.

५. चंडीगड ते कल्पा

इथे फार सांगण्यासारखं नाही. सकाळी लवकर निघा, शिमल्यात न थांबता नारकंडा गाठा. शिमल्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास घालवून मॉल रोड बघण्यात अर्थ नाही, तो दुसऱ्या कुठल्यातरी सहलीत होईल.

दुसऱ्या दिवशी सतलजच्या काठाने रामपूर, पुढे कडछमला सांगल्याचा फाटा. सांगल्याहून तिसऱ्या दिवशी सकाळी छितकुलला जाऊन या. ते सुमारे ३,४५० मीटरवर आहे, म्हणजे दिवसा थोडं वर जाऊन येण्याची चांगली रंगीत तालीम. संध्याकाळी कल्पा. हॉटेल घेताना किन्नर कैलासची बाजू मागा आणि पहाटे पडदा उघडा ठेवा.

सावध: किन्नौरमध्ये दुपारी वारा सुटला की वरून दगड सुटतात. गाडी थांबवून फोटो काढायचे तर कड्याखाली नको, मोकळ्या वळणावर. "दगड पडतात" असा बोर्ड असेल तिथे काच वर, गाडी चालती.

६. कल्पा ते ताबो

सकाळी सातच्या आत निघा. खाबला सतलज सोडून स्पितीच्या कडेने वळलात की झाडं संपतात. पुढे घाट चढून नाको, सुमारे ३,६०० मीटर. जेवण इथे करा, तळ्याभोवती सावकाश एक फेरी मारा, दोन तास थांबा. पण झोपायला खाली ताबोला जा. दिवसा वर, रात्री खाली, हे या मार्गात आयतं मिळतं. बरेच जण नाकोला झोपून ते घालवतात.

नाकोनंतर मलिंग नाल्याचा भाग दरडींचा आहे, तो उजेडात ओलांडा. पुढे सुमदोजवळून ग्यूचा फाटा लागतो, तिथे जुन्या लामाची ममी आहे. रस्त्यापासून आठेक किलोमीटर आत, दीड-दोन तास मोडतात. चारच्या पुढे वाजले असतील तर सोडून द्या.

ताबोचं गोम्पा इ.स. ९९६ चं, आणि आतली भिंतीवरची चित्रं अंधारात हळूहळू दिसायला लागतात. डोळ्यांना सवय व्हायला दहा मिनिटं द्या. आत फोटो काढायचे नाहीत, मोबाइलचा टॉर्चही नको. स्तूपाला प्रदक्षिणा आपल्यासारखीच, स्तूप उजव्या हाताला ठेवून.

तपासा, ताबोच्या रात्री: सगळ्यांना भूक लागतेय का? झोप बरी लागली का? हलकं डोकं दुखणं चालतं. जेवणावरून मन उडालं असेल आणि डोकंही दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी ताबोलाच थांबा.

७. ढंखर आणि पिन

ताबो-काझा अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, म्हणून लोक दुपारीच काझाला पोचून हॉटेलात लोळतात. त्यापेक्षा वाटेत ढंखरला चढा. गोम्पा कड्याच्या टोकावर आहे आणि खाली पिन नदी स्पितीला मिळताना दिसते. वरच्या तळ्यापर्यंतचा ट्रेक तास-दीड तासाचा. या दिवशी तो सावकाशच करा: बोलता बोलता चालता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं.

पिन खोऱ्यात मुद गावापर्यंत जायचं असेल तर वेगळा दिवस द्या. ढंखर आणि मुद एकाच दिवशी केलं की दोन्ही गाडीच्या खिडकीतून होतं.

८. काझा आणि वरची गावं

काझाला पोचल्यावर त्या दिवशी काही करू नका. बाजारात एक फेरी, थुक्पा (नूडल्सचं गरम सूप), झोप. आल्याआल्या कडक गरम पाण्याने आंघोळीची हौसही नको. एक दिवस पारोसं राहिलात तर काही बिघडत नाही. दारू तर नाहीच. ती प्यायल्यावर येणारी डोकेदुखी आणि उंचीची डोकेदुखी यांत फरक करता येत नाही, आणि खरा धोका तोच.

सहावा दिवस: की गोम्पा, किब्बर, चिचमचा पूल. सातवा दिवस: लांग्झा, हिक्किम, कोमिक. हाच क्रम ठेवा, कारण दुसरी फेरी जास्त उंच आहे. कोमिक जवळजवळ ४,६०० मीटरवर आहे.

हिक्किमच्या टपाल कार्यालयातून सगळेच कार्ड टाकतात. कार्डं काझातच घेऊन, आदल्या रात्री हॉटेलात निवांत लिहून, पिनकोडसह पत्ता घालून न्या. तिथे वाऱ्यात, भिंतीला कार्ड टेकवून, बधिर बोटांनी आजीचा पत्ता आठवत उभं राहणाऱ्यांची रांग बघितली की मी काय म्हणतो ते कळेल.

लांग्झात मुलं शाळिग्रामासारखे दगड विकायला आणतात. समुद्री जिवांचे जीवाश्म आहेत ते. हातात घ्या, बघा, कौतुक करा, विकत घेऊ नका. एक घेतला की उद्या दोन खणले जातात.

होमस्टेत राहात असाल तर संडासाची एक गोष्ट आधीच समजून घ्या, कारण आपली माणसं इथे हमखास चुकतात. बऱ्याच घरांत कोरडा संडास असतो: जमिनीत चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की माती टाकायची. बादलीभर पाणी ओतायचं नाही. खाली खत तयार होत असतं, ते शेतात जातं, आणि पाण्याने त्याचा नास होतो. पाणी तिथे मुळातच दुर्मीळ आहे. घरच्या मावशी बोलणार नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरतो.

मधेच: डोकं दुखायला लागलं तर

नुसतं डोकं दुखतंय: त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. पाणी, विश्रांती, हलकं जेवण.

डोकेदुखीबरोबर उलट्या, प्रचंड थकवा: आहे त्या उंचीवर थांबा आणि काझाच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. पर्यटकांच्या अशा तक्रारी त्यांना रोजच्या आहेत.

बसल्याजागी धाप, खोकल्यातून फेस, असंबद्ध बोलणं, किंवा जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालताना तोल जाणं: हे जिवावरचं आहे. सकाळची वाट न बघता खाली उतरायचं, वाटेत ऑक्सिजन मिळाला तर तो लावून. नाकाशी धरायच्या छोट्या ऑक्सिजन कॅनवर विसंबून रात्र काढू नका. तो काही मिनिटांत संपतो.

आणि गटात आजारी माणूस बहुतेक वेळा लपवतो. "माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप नको खराब व्हायला." त्यामुळे रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. "सगळे ठीक ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात.

९. कुंझुम, चंद्रताल आणि बाहेर

आता कळेल की चंद्रताल शेवटी का. तळ्याच्या बाजूला रात्री कुणाला त्रास झाला तर जवळ दवाखाना नाही. काझाकडे न्यायचं तर आधी ४,५५० मीटरच्या कुंझुमवर चढावं लागतं, मनालीकडे न्यायचं तर अंधारात बटलचा दगडांचा रस्ता. म्हणून आधी काझात तीन रात्री, मग इथे एक.

काझाहून सकाळी आठला निघा. लोसरला चहा आणि पराठा खाऊन घ्या, पोटात काहीतरी असू द्या. कुंझुमवर देवीचं छोटं मंदिर आहे. गाड्याही तिला वळसा घालून पुढे जातात. चालकाला घाई करू नका. वर वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका.

तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. गाडी वाहनतळापर्यंत जाते, पुढे थोडं चालावं लागतं. कॅम्पवर सामान टाकून लगेच तळ्यावर जा, कारण दुपारनंतर वारा वाढतो आणि ढग येतात. पाण्यात उतरायचं नाही. पाणी बर्फाचं आहे आणि काठ कुठे खोल होतो ते दिसत नाही.

रात्री झोपताना उद्याचे मोजे स्लीपिंग बॅगमध्ये आत ठेवा. मोबाइल आणि पॉवर बँकही आत, थंडीत बॅटरी उतरते.

दुसऱ्या दिवसाचं सगळं गणित पाण्याच्या घड्याळावर आहे. बटल ते ग्रंफू हा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा दगडधोंड्यांचा, आणि मधे नाले आडवे येतात. ते वरच्या हिमनद्यांचं पाणी आणतात. रात्री थंडीत बर्फ वितळत नाही, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं. ऊन चढलं की वितळायला लागतं आणि दुपारी तोच नाला गुडघ्याच्या वर गेलेला असतो. सकाळी साडेसहाला कॅम्प सोडलेला माणूस जिथून हसत जातो, तिथे अकराला निघालेला माणूस तीन वाजता गाडीच्या बोनेटवर बसून पाणी उतरायची वाट बघतो. नाश्ता बांधून घ्या, बटलच्या ढाब्यावर खा.

नाला ओलांडताना: आधी थांबा, समोरची गाडी कुठून जाते ते बघा. पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, मधे क्लच न दाबता. बाईकवर असाल तर मागच्याला उतरवा आणि त्याला वरच्या अंगाने, दगडांवरून चालत येऊ द्या. बूट काढून अनवाणी पाण्यात उतरू नका. गार पाण्यात पाय क्षणात बधिर होतात, आणि दगड कुठे कापून गेला ते पलीकडे पोचल्यावर कळतं.

ग्रंफूला पोचलात की डांबर लागतं. पुढे कोकसर, आणि नऊ किलोमीटरचा बोगदा संपला की एकदम हिरवळ. इथे येऊन लोक आणखी एक चूक करतात: त्याच रात्रीची दिल्लीची व्हॉल्वो काढलेली असते. नाल्यात दोन तास गेले, कुठे टायर फुटला, मनालीत ट्रॅफिक लागला, की बस गेली. ती रात्र मनालीत काढा. गरम पाण्याची बादली मागवा आणि सकाळची बस पकडा.